माळावर झाडं लावून हरणं वाढत नाहीत, साहेब

प्रति,
मराठवाड्यातल्या वन व सामाजिक वनीकरण खात्यांचे अधिकारी,
आणि जिल्हा नियोजन समित्यांचे सन्माननीय सदस्य

विषय : माळरानावरची यंदाची कामं सुरू होण्याआधी फेरविचार करण्याबाबत

सविनय नमस्कार.

आमच्या गावालगतच्या माळावर यंदा सलग समतल चर खोदायचे, त्यांच्या कडेने गिरिपुष्प, करंज आणि सुबाभूळ लावायची, भोवती तार ओढायची आणि दोन सिमेंटचे पाणवठे बांधायचे, असं ठरलं आहे. मोजणी झाली, चुना पडला, जेसीबी कुठून वर चढेल ते ठेकेदाराचा माणूस बघून गेला. कामाचा उद्देश कागदावर असा लिहिला आहे, की वन्यप्राण्यांच्या अधिवासात सुधारणा करून त्यांची संख्या वाढवायची. हे वाचून मला गप्प बसवेना. काम ठरल्याप्रमाणे झालं तर त्या माळावर आहेत ते प्राणीही राहणार नाहीत. अशीच कामं मराठवाड्यातल्या कितीतरी माळांवर झाली आहेत आणि व्हायची आहेत, म्हणून एका कार्यालयाला अर्ज न देता तुम्हा सगळ्यांना उघडपणे लिहितो आहे.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावर राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, आता शेती बघतो. माझ्या बांधाच्या अलीकडे तूर आणि पलीकडे कुसळ अन् तरवड. ज्वारी हुरड्यात आली की काळविटांचा कळप उतरतो, हरभरा घाट्यावर आला की डुकरं येतात. भरपाईचा अर्ज, सातबारा, फोटो हे सगळं मी केलेलं आहे. तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक या तिघांची एका दिवशी एका बांधावर गाठ पडेपर्यंत राहिलेलं पीकही उकरून झालेलं असतं, हेही बघितलेलं आहे. तेव्हा शहरातून दुर्बीण घेऊन आलेला कुणी प्राणीप्रेमी बोलतोय असं समजू नका. हरणांचा मला त्रास होतो आणि ती इथे राहावीत असंही वाटतं. माळाकडेच्या गावांत बहुतेकांचं असंच आहे.

एखाद्या प्राण्याची संख्या का वाढत नाही, याचं उत्तर शेतकऱ्याला नवीन नाही. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी असेल तर युरियाची पोती कितीही ओता, पीक स्फुरदापुरतंच येतं. एकोणिसाव्या शतकात लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा नियम पिकांच्या बाबतीत सर्वदूर पोहोचवला आणि पुढे वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्यांनी तो उचलला. चारा, पाणी, आडोसा, जोडीदार, पिल्लं वाढवायला निवांत जागा, रोगराई, शिकार, अपघात यांतलं जे सगळ्यात तुटपुंजं किंवा सगळ्यात जाचक असेल, ते संख्या अडवून धरतं. बाकीचं दुप्पट केलं तरी आकडा हलत नाही. शिवाय काळविटाला जे अडवतं ते लांडग्याला अडवत नाही, आणि मे महिन्यात जे अडवतं ते श्रावणात अडवत नाही. हे शोधायला माळावर वर्षभर हिंडावं लागतं. तुमच्या आराखड्यांत मात्र कन्नडपासून किनवटपर्यंत आणि आष्टीपासून औशापर्यंत दोनच ओळी सापडतात, झाडं आणि पाणी.

पाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं थोडं खरं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या साली माळावरच्या जनावरांचं काय झालं असेल ते सांगायला नको. अशा वर्षी, एप्रिल ते जून, पाणीच अडवणारा घटक असतो, आणि त्या वेळी टँकरने भरलेला पाणवठा खरोखर जीव वाचवतो. त्याबद्दल तुमच्या वनमजुरांना माझा नमस्कार. पण बऱ्या पावसाच्या वर्षी माळाच्या चहूबाजूंनी शेततळी, पाझर तलाव आणि ठिबकच्या गळक्या नळ्या असतात. चिंकारा तर पाल्यातल्या ओलाव्यावर दिवसचे दिवस काढतो. बारमाही पाणवठा बांधला की त्याच्याकडे आधी डुकरं येतात, मागोमाग गावची कुत्री. शेजारच्या गावात तीनेक वर्षांपूर्वी बांधलेल्या पाणवठ्यावर कधीतरी जाऊन बघा. कडेच्या चिखलात हरणांची खुरं थोडी आणि कुत्र्यांचे पंजे जास्त. पाणी प्यायला मान खाली घातलेलं हरीण कुठे सापडेल, हे त्या कुत्र्यांना आता पाठ झालंय.

आता झाडांचं. काळवीट हा जंगलातला प्राणी नाही. नजर आणि पळ या दोन गोष्टींवर तो जगतो. चहूकडे लांबवर दिसलं पाहिजे आणि मोकळं पळता आलं पाहिजे. सुबाभळीच्या रांगांत त्याला दोन्ही मिळत नाही. माळावरची माती वीतभर, खाली मुरूम. तिच्यात पवन्या, मारवेल, कुसळ, डोंगरी ही गवतं शेकडो वर्षांपासून मुळं धरून आहेत. जेसीबीने चर ओढला की ती मुळं उलटी होतात आणि उकरलेल्या मातीवर पहिल्या पावसात गाजर गवत उगवतं. पुढे वेडी बाभूळ येते, आणि ती आली की जात नाही. लावलेल्या रोपांतली किती जगतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिसऱ्या उन्हाळ्यात तारेच्या आत वाळक्या काड्या आणि ‘वन्यजीव अधिवास विकास’ असा फलक उरतो. रोपं जगली नाहीत म्हणून मी तक्रार करत नाही, उलट ती जगली असती तर नुकसान जास्त झालं असतं. वर तारेमुळे धनगरांची मेंढरं बाहेर राहतात आणि सगळी मिळून उरलेल्या गायरानावर पडतात, तेही खरवडून निघतं. तारेच्या आतलं गवत मात्र कुणी खात नाही, कापत नाही, आणि फेब्रुवारीत एका बिडीने पेटतं.

कामाची वेळ तर विचारूच नका. ही खोदाई हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालते, कारण मार्चअखेर निधी खर्ची पडला पाहिजे. लांडगी हिवाळ्यात विते. ओढ्याकाठच्या दरडीत, माळाच्या उताराला तिची ढोली असते आणि पिल्लं बाहेर पडायला लागायच्या सुमारास वरून यंत्र घरघरतं. टिटवी, चंडोल, धाविक हे उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात. माळढोक तर वर्षाकाठी एकच अंडं घालतो, तेही जमिनीवर. सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ सालापासून त्याच्या नावाचं अभयारण्य आहे आणि तिथे आज माळढोक दिसणं ही बातमी ठरते. एका अंड्यावर चालणाऱ्या पक्ष्याला एक हंगाम हुकला तर ती तूट भरून काढायला वाव नसतो.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तुमच्या एकाही आराखड्यात ती मला दिसली नाही.

काळविटाची मादी साधारण सहा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पाडस देते. जन्मल्यावर पहिले पंधराएक दिवस पाडस आईच्या मागे फिरत नाही. आई त्याला गवतात दडवते, लांब चरायला जाते, पाजायला परत येते. पाडस अंगाचा गोळा करून, मान जमिनीला टेकवून पडून राहतं. लांडगा दहा पावलांवरून गेला तरी ते हलत नाही, आणि गुडघाभर गवत असलं तर बहुधा वाचतं. गेल्या दिवाळीनंतर बांधावर तुरीचं पाणी बघत होतो. समोर माळावर गवत असं नव्हतंच, मेंढरांनी आणि गाईंनी बोटभर ठेवलेलं. पाच कुत्री आली. रानटी वगैरे काही नाहीत, त्यातल्या एकाच्या गळ्यात लाल पट्टा होता, आमच्याच गावातलं. पांगून, नाक खाली घालून, शेत नांगरावं तशी ती माळ पालथी घालत आली. मादी शंभर-दीडशे पावलांवर उभी राहून पाय आपटत होती. पाडस शेवटपर्यंत हललं नाही. मी ढेकळं मारत पोहोचलो तोवर काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुत्र्यांनी धड खाल्लंही नव्हतं. पोट भरलेलीच होती ती.

पोट भरलेली होती, यात सगळं आलं. रानातल्या भक्ष्यावर जगणाऱ्या लांडग्याची संख्या त्या भक्ष्यावर ठरते. हरणं, ससे कमी झाले की लांडगीला पिल्लं कमी जगवता येतात, लांडगे घटतात, हरणांना पुन्हा उसंत मिळते. निसर्गातली शिकार अशी स्वतःला आवरते. गावच्या कुत्र्यांची संख्या हरणांवर अवलंबून नाही. पोल्ट्रीवाल्याने ओढ्यात फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या, ढाब्यांमागचा उकिरडा, गावाबाहेर टाकलेलं मेलेलं ढोर यांवर ती पोसली जातात. माळावरचं शेवटचं पाडस मेलं तरी कुत्र्याचं एक पिल्लूही उपाशी राहणार नाही. असा शिकारी भक्ष्याला शून्यापर्यंत नेऊ शकतो.

मेलेलं ढोर पूर्वी गिधाडं दोन तासांत संपवत. ढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होतात, हे कळेपर्यंत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गिधाडही वर्षाला एकच अंडं घालतं, त्यामुळे बंदीनंतर दोन दशकं होत आली तरी आमचं आभाळ रिकामंच आहे. ढोराच्या मांसाचा तो सगळा वाटा कुत्र्यांकडे गेला.

कुत्री मारा असं मी म्हणत नाही. कायदा त्याला परवानगी देत नाही आणि माझंही मन देत नाही. पण कुत्र्यांचा विषय आला की वनखातं म्हणतं हा ग्रामपंचायतीचा प्रश्न, ग्रामपंचायत म्हणते पशुसंवर्धनाचा, आणि पशुसंवर्धनवाले म्हणतात आमच्याकडे लस आहे पण माणूस नाही. म्हणून पत्रावर नियोजन समितीचंही नाव घातलं आहे.

जंगलातला आकडा जंगलाबाहेर ठरतो, याचा जगात गाजलेला दाखला बुळकांडीचा आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने बुळकांडीने गोठे रिकामे झालेले पाहिले. पूर्व आफ्रिकेत सेरेंगेटीच्या माळावर हाच रोग गुरांकडून विल्डबीस्ट नावाच्या हरणाला होत असे. तिथे कुणी विल्डबीस्टसाठी पाणवठे बांधले नाहीत. आसपासच्या गावांतल्या गुरांना लस टोचली, रोग हटला, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला २.५ लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस १३ लाखांच्या घरात गेले. पुढे २०११ साली बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. उलटा दाखलाही त्याच सेरेंगेटीतला आहे. १९९४ साली कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने तिथले जवळपास एक तृतीयांश सिंह गेले. आपल्याकडे गीरमध्ये २०१८ साली २० हून जास्त सिंह दगावले, त्यातल्या काहींत हाच विषाणू निघाला. आमच्या माळावरचे लांडगे, कोल्हे आणि खोकड त्याच कुत्र्यांच्या उष्ट्यावर, त्याच पाणवठ्यावर तोंड घालतात. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचंही जनुकीय तपासणीत निघालं आहे. रोगाने नाही संपला तर लांडगा असा संपेल.

लांडग्याचा विषय निघालाच आहे, तर मेंढपाळाचंही ऐकून घ्या. दख्खनच्या माळावरचा लांडगा बराचसा शेळ्यामेंढ्यांवर जगतो. मेंढी गेली की धनगराने वनखात्याला कळवायचं, पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यायची, पंचनाम्याला थांबायचं. मेंढरांचा वाडा आज इथे, परवा पुढच्या गावाला. थांबलं तर चारा संपतो, निघालं तर भरपाई बुडते. अशा माणसाने रागाच्या भरात ढोलीच्या तोंडाशी काटक्या पेटवल्या तर एका दुपारी पुढची सगळी पिढी जाते. बहुतेक मेंढपाळ तसं करत नाहीत, ‘देवाचा वाटा’ म्हणून सोडून देतात. पण खात्याने त्यांच्या देवावर किती दिवस भार टाकायचा? मेंढीची भरपाई हातात किती दिवसांत पडते, यावर मराठवाड्यातल्या लांडग्यांची संख्या ठरते आहे, आणि तुमच्या कागदपत्रांत ही बाब वन्यजीव व्यवस्थापनात येतच नाही. ती ‘दावे’ या फाईलमध्ये असते.

डुकरांचं नेमकं उलट आहे. त्यांना अडवणारं आपण काही ठेवलंच नाही. ऊस हा त्यांना बारा महिने आडोसा, भुईमूग, हरभरा, मका हे खाद्य, आणि पिल्लं उचलणारा लांडगा आपण घालवला. डुकरीण साधारण चार महिन्यांत विते, एका वेळी चार-सहा पिल्लं देते आणि ती पिल्लं वर्ष-दीड वर्षात स्वतः विण्याजोगी होतात. पीक नासवणाऱ्या डुकरांना आणि रोह्यांना (नीलगायींना) परवानगीने मारायची तरतूद राज्यात आहे, आणि गावात कुणी बंदूकवाला आणला की सगळ्यांना बरं वाटतं. मात्र खाद्य आणि आडोसा तसाच ठेवून पाच-सात डुकरं मारली तर राहिलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं, आणि पुढच्या सुगीपर्यंत जागा भरून निघते. बिबट्याही याच उसाच्या आणि कुत्र्यांच्या जोरावर आमच्याकडे आला. २०२० साली आष्टीपासून करमाळ्यापर्यंत ज्या घरांतली माणसं त्याने नेली, त्यांच्यासमोर ‘वन्यजीवांची संख्या वाढली’ हे अभिमानाने सांगायची माझी तरी हिंमत नाही. तेव्हा सरसकट ‘वन्यप्राणी वाढले’ किंवा ‘वन्यप्राणी घटले’ ही दोन्ही वाक्यं बंद करा. डुक्कर वाढलं, चिंकारा आणि खोकड घटला, असं प्राण्याचं नाव घेऊन बोला.

विहिरी आणि रस्ते यांचं थोडक्यात सांगतो, कारण हे तुम्हालाही ठाऊक आहे. कठडा नसलेल्या विहिरीत हरीण, कोल्हा, बिबट्या, रानमांजर सगळे पडतात. जिवंत निघालेल्याचा फोटो पेपरात येतो, मेलेल्याचा फक्त वास येतो. समृद्धी महामार्गावर प्राण्यांना ओलांडायला मार्ग ठेवले, चांगलं केलं. आमच्या भागातले रस्ते रुंद होताना तसं काही दिसत नाही. आणि डुकरांसाठी कुंपणात थेट लाईनचा करंट सोडणारे आमच्यातलेच आहेत, त्यात माणसंही गेली आहेत. जीव न घेता नुसता झटका देणाऱ्या झटका मशीनला वेळेवर अनुदान मिळालं तर हे बरंच थांबेल.

संख्या अडण्याचं एक कारण मराठवाड्याने अलीकडेच पाहिलं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये येडशीच्या रामलिंग घाटात कॅमेऱ्यात वाघ आला, यवतमाळमधल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालून. त्याआधी २०२१ साली असाच एक तिकडूनच कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात पोहोचला होता. पेपरांनी लिहिलं, मराठवाड्यात वाघ परतला. येडशीचं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं आहे, आणि वाघीण एकही नाही. चारा, पाणी, शिकार यांची कितीही सोय केली तरी एकट्या नराने संख्या वाढत नाही. त्याला अडवणारा घटक म्हणजे टिपेश्वर ते येडशी यांमधली वाट, आणि ती ना कुठल्या एका वनपरिक्षेत्रात येते ना कुठल्या एका जिल्ह्याच्या नियोजनात.

मग मोजणीचं. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर आलेले प्राणी मोजतात. मीही शाळेतली मुलं घेऊन बसलो आहे, मुलांना फार आवडतं, ते चालू ठेवा. पण त्या एका रात्रीच्या आकड्यातून कोण पाणी प्यायला आलं एवढंच कळतं. किती जन्मले, किती वर्षभर टिकले आणि मेले ते कशाने मेले, हे कळत नाही. कळपात दहा माद्यांमागे पाडसं किती, हा साधा प्रश्न पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा विचारा. पहिल्या खेपेला पाडसं दिसली आणि दुसऱ्या खेपेला नाहीशी झाली, तर अडचण पाण्याची नाही हे कुणी सांगायला लागणार नाही.

आमच्या गावातले काही जण मला म्हणतात, सर, तुम्ही हरणं वाढवा म्हणून पत्रं लिहिता, मग आम्ही ज्वारी कुणासाठी पेरायची? त्यांची भीती खोटी नाही. म्हणून ‘संख्येत वाढ’ हे उद्दिष्टच मला खटकतं. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली २९ रेनडिअर सोडले. शिकारी नाही, चारा भरपूर. १९६३ पर्यंत ते ६,००० झाले, खडकावरचं दगडफूलही खरवडून खाल्लं, आणि १९६६ मध्ये मोजले तेव्हा ४२ उरले होते. अशी वाढ कुणालाच नको. माळाला झेपेल इतकी हरणं, त्यांच्यावर जगणारे चार लांडगे, आणि शेतात उतरलेल्या कळपाची वेळेत भरपाई, एवढं झालं तर गावाची तक्रार राहणार नाही.

तेव्हा मागण्या अशा आहेत.

माळरानावर चर खोदून झाडं लावायचं काम यंदापासून थांबवावं. निधी परत जाईल ही भीती असेल तर तो गवतावर खर्च करा : वेडी बाभूळ आणि गाजर गवत काढणं, पवन्या-मारवेलचं बी टाकणं, आणि मेंढपाळांशी बोलून माळाचे तुकडे पाडून आळीपाळीने चराई ठेवणं, म्हणजे विण्याच्या दिवसांत निदान एका तुकड्यात गुडघाभर गवत राहील. झाडं लावायला डोंगरउतारावरची उजाड वनजमीन पडली आहे, तिथे लावा, आम्ही श्रमदानाला येऊ. माळावर जे काही यंत्रकाम टळणारच नाही, ते लांडग्याची पिल्लं आणि पक्ष्यांची अंडी यांचे महिने सोडून करावं.

माळाकडेच्या प्रत्येक गावात कुत्र्यांचं रेबीज आणि डिस्टेंपरचं लसीकरण व निर्बीजीकरण यासाठी जिल्हा नियोजनातून स्वतंत्र तरतूद व्हावी. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकणाऱ्या पोल्ट्रीवर ग्रामपंचायतीने दंड करावा आणि पुरायला खड्डा सक्तीचा करावा. पाळीव कुत्र्याची जबाबदारी मालकाची, हे आम्ही ग्रामसभेत घेऊ. तेवढं आमच्याकडे लागलं.

नवे पाणवठे बांधण्याआधी जुन्यांवर कॅमेरे लावून तिथे कोण येतं ते जाहीर करावं. जिथे कुत्री आणि डुकरंच येतात तिथले बंद करावेत, टंचाईच्या महिन्यांपुरते तात्पुरते ठेवावेत. माळाकडेच्या विहिरींना कठडे आणि चढून यायला उतरता रस्ता हे काम रोजगार हमीत घ्यावं.

मेंढीची आणि पिकाची भरपाई महिन्याच्या आत मिळावी, आणि फिरत्या वाड्यासाठी मोबाईलवरच्या फोटोवर पंचनामा मान्य व्हावा. पाडसांची वर्षातून दोनदा नोंद आणि मेलेल्या प्रत्येक प्राण्याचं कारण, विहीर, वाहन, करंट, कुत्री की रोग, हे लिहिणारी वही प्रत्येक वनपरिक्षेत्रात असावी आणि ती मागेल त्याला बघायला मिळावी.

आमचा वनरक्षक भला माणूस आहे. त्याच्याकडे एवढा मोठा भाग आणि स्वतःच्या पेट्रोलची मोटारसायकल. हे सगळं त्याला पटतं, पण ‘सर, वरून आलंय’ म्हणतो. ते वरून तुमच्याकडून आलेलं असतं, म्हणून हे पत्र वर पाठवतो आहे. जेसीबी अजून आलेला नाही. तो येण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी ग्रामसभेला यावं, आणि या माळावर कुठला प्राणी कशाने अडला आहे असं तुमचं म्हणणं आहे ते आमच्यासमोर मांडावं. येणं जमणार नसेल तर उत्तर लेखी द्यावं, आणि ते एका पानात असावं, म्हणजे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता येईल.

आपला,
बालाघाटावरचा एक शेतकरी आणि निवृत्त शिक्षक